खुर्ची रिकामी पडते तेव्हा

३० मार्च १९८१ रोजी दुपारी वॉशिंग्टनमधील एका हॉटेलातून बाहेर पडत असताना अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. अध्यक्षांना शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यात आली होती, उपाध्यक्ष जॉर्ज बुश टेक्ससहून परतीच्या विमानात होते, आणि व्हाइट हाऊसच्या वार्ताहर-कक्षात सरकारी प्रवक्त्याला ‘या घटकेला सरकार कोण चालवीत आहे’ या साध्या प्रश्नाचे धड उत्तर देता येत नव्हते. ते पाहून परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग घाईघाईने तेथे आले, आणि उपाध्यक्ष परत येईपर्यंत येथील सूत्रे आपल्या हाती आहेत, असे त्यांनी कॅमेऱ्यांसमोर जाहीर केले. राज्यघटनेप्रमाणे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि त्यानंतर परराष्ट्रमंत्री असा क्रम लागतो, असेही त्यांनी सांगून टाकले. हे विधान चुकीचे होते. १९४७ च्या वारसा-कायद्यानुसार उपाध्यक्षांनंतर प्रतिनिधिगृहाचे सभापती, त्यानंतर सेनेटचे हंगामी अध्यक्ष, आणि मग कोठे परराष्ट्रमंत्री असा क्रम आहे.

हेग हे काही नवखे गृहस्थ नव्हते. ते सेनापती होते, नाटोच्या सैन्याचे प्रमुख राहिलेले होते. जगाला धीर द्यावा, एवढाच त्यांचा हेतू असावा. पण त्यांच्या बोलण्याने धीर येण्याऐवजी चिंता मात्र वाढली. कायदा लिहिलेला होता, घटनादुरुस्ती झालेली होती, तरीही ऐन वेळी मंत्रिमंडळातील ज्येष्ठ मंत्र्याला तो क्रम ठाऊक नव्हता. अध्यक्षांचे अधिकार तात्पुरते उपाध्यक्षांकडे सोपविण्याचे कागद तयार झाले होते. त्यांवर सह्या झाल्याच नाहीत. बुश यांचे विमान उतरेपर्यंत सुमारे चार तास गेले. त्या चार तासांत दुसरे कोणतेही संकट कोसळले नाही, हे जगाचे सुदैव.

या प्रसंगाची आठवण करून देण्याचे कारण असे की, महासंकटाच्या वेळी राज्य कोणाच्या नावाने चालावे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका केवळ सुरक्षा-तज्ज्ञांचा नाही. वंशपरंपरागत राजेशाहीत तो जन्मानेच सुटलेला असतो. राजाने डोळे मिटले त्याच क्षणी युवराज राजा होतो. राज्याभिषेक सवडीने होतो. लोकशाहीत अधिकार माणसाचा नसून पदाचा असतो. माणूस गेला की तो अधिकार जागच्या जागी पडून राहतो. तो कोणी उचलावयाचा हे आधी ठरलेले नसेल, तर ज्याचा हात जवळ असेल तो उचलतो. आणि मग त्याची आज्ञा इतरांनी का मानावी, या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

डोंगराखालची राजधानी

अणुयुगात या प्रश्नाला जे उत्तर शोधले गेले, ते प्रामुख्याने स्थापत्यशास्त्राचे होते. शत्रूची क्षेपणास्त्रे अर्ध्या तासात राजधानीवर येऊन आदळू शकतात, हे ध्यानात येताच राज्यकर्त्यांना जमिनीखाली नेण्याच्या योजना आखल्या गेल्या. अमेरिकेने पेनसिल्व्हेनियात रेव्हन रॉक, व्हर्जिनियात माउंट वेदर आणि कोलोरॅडोत शायेन पर्वताच्या पोटात कार्यालये खोदली. ब्रिटनने विल्टशायरमधील कॉर्शम येथे दगडाच्या जुन्या खाणींत सुमारे पस्तीस एकरांचे एक शहरच वसविले. चार हजार माणसे तेथून उरलेल्या देशाचा कारभार पाहतील, अशी कल्पना होती. २००४ पर्यंत त्या जागेचे अस्तित्व अधिकृतपणे गुप्त होते.

या सर्वांत नवलाची कथा ग्रीनब्रायरची आहे. वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीनब्रायर हे धनिकांचे एक प्रख्यात विश्रांतिस्थान. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्या हॉटेलाला एक नवी इमारत जोडण्यात आली, आणि तिच्याखाली अमेरिकन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांसाठी भुयारी संसदगृह बांधण्यात आले. सुमारे अकराशे माणसांच्या झोपण्याची सोय, सभागृहे, रुग्णालय, वीजघर, आणि पंचवीस टनांचे लोखंडी दार. हॉटेलातील दूरचित्रवाणी-संच दुरुस्त करणारे कारागीर म्हणून जी माणसे वावरत, ती प्रत्यक्षात या भुयाराची देखभाल करणारी होती. तीस वर्षे हे रहस्य टिकले. मे १९९२ अखेर ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ते छापले आणि भुयाराचा उपयोग संपला.

पण ते रहस्य टिकले असते तरी त्याचा उपयोग किती झाला असता? वॉशिंग्टनपासून ग्रीनब्रायर सुमारे चारशे किलोमीटर दूर. क्षेपणास्त्राला अर्धा तास लागतो, मोटारीला चार-पाच तास. पाचशे पस्तीस सदस्यांपैकी बहुतेकांना अशी जागा आहे याचीच गंधवार्ता नव्हती. शिवाय, तेथे सदस्यांच्या कुटुंबीयांना थारा नव्हता. कॉर्शमलाही तीच तऱ्हा होती. सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांना संकटकाळी वापरावयाचा प्रवेशपरवाना देण्यात आला, तेव्हा आपल्या पत्नीसाठी परवाना नाही हे कळताच त्यांनी तो परत केला, अशी आठवण सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म खरे आहे. बायकामुलांना आगीत सोडून राज्य करावयास जो भुयारात उतरेल, त्याचे राज्य वर उरलेली माणसे मानतील काय? योजनेच्या कागदावर दारांची जाडी होती, धान्याचा साठा होता, डिझेलचा हिशेब होता. या प्रश्नासाठी मात्र रकाना नव्हता.

गड पडला, राज्य राहिले

दार कितीही भक्कम असले तरी त्याने राज्य राखले जात नाही, हे मराठी वाचकाला अमेरिकेकडून शिकण्याचे कारण नाही. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला. रायगडाला मोगलांचा वेढा पडत होता. रायगडाहून अभेद्य स्थान स्वराज्यात दुसरे नव्हते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर राज्याचे सर्वांत सुरक्षित भुयार तेच. तथापि येसूबाईंच्या सल्ल्याने जो निर्णय झाला तो गडावर एकत्र राहण्याचा नव्हता, विखुरण्याचा होता. राजाराम महाराजांनी गड सोडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते शेकडो कोस दूर कर्नाटकात जिंजीला पोहोचले. येसूबाई आणि बालशाहू मागे राहिले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि ते दोघे शत्रूच्या हाती सापडले.

राजधानी गेली, राजाची भावजय व पुतण्या कैदेत, राजा परमुलखात. एवढ्यावर राज्य संपावयास हरकत नव्हती. ते संपले नाही, याचे श्रेय संताजी-धनाजींच्या घोडदौडीला आपण देतो आणि ते योग्यच आहे. पण त्या घोडदौडीमागे एक प्रशासकीय निर्णय होता, त्याची चर्चा क्वचितच होते. रामचंद्रपंत अमात्य यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन महाराष्ट्रातील कारभाराचा अधिकार त्यांच्या हाती सोपविण्यात आला. प्रत्येक हुकमासाठी जिंजीकडे डोळे लावून बसण्याचे कारण उरले नाही. गडकऱ्याला आणि देशमुखाला कोणाची सही मानावयाची, हे ठाऊक होते. १७०० साली सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले तेव्हाही ताराबाईंनी तोच कारभार पुढे चालविला, आणि औरंगजेबाचा शेवट १७०७ मध्ये या मातीतच झाला.

या इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. संकटकाळी राज्य कोणी चालवावयाचे हे ठरले होते; संकट सरल्यावर ते कोणाचे, हे मात्र ठरले नव्हते. शाहू महाराज सुटून येताच तो प्रश्न उभा राहिला, मराठ्यांची तलवार मराठ्यांवर चालली, आणि सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. अधिकार सोपविणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याची मुदत आणि त्याचा शेवट ठरविणे महत्त्वाचे आहे.

लिहिलेल्या नियमाचे मोल

अमेरिकेने भुयारांवर अमाप पैसा ओतला. पण तिला खरा आधार मिळाला तो साध्या कागदाचा. केनेडी यांची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ रोजी झाली आणि जॉन्सन यांनी डल्लासच्या विमानतळावर विमानातच शपथ घेतली. त्यानंतर चौदा महिने अमेरिकेला उपाध्यक्षच नव्हता. जॉन्सन यांच्यानंतर क्रम होता तो एकाहत्तर वर्षांच्या सभापतींचा आणि त्यानंतर शहाऐंशी वर्षांच्या हंगामी अध्यक्षांचा. ही स्थिती किती नाजूक आहे हे ओळखून १९६७ साली पंचविसावी घटनादुरुस्ती झाली. उपाध्यक्षपद रिकामे पडल्यास ते कसे भरावे, अध्यक्ष अकार्यक्षम झाल्यास अधिकार कसे सोपवावेत, हे तीत ठरले. अवघ्या सात वर्षांत तिची कसोटी लागली. उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांनी १९७३ मध्ये आणि अध्यक्ष निक्सन यांनी १९७४ मध्ये राजीनामा दिला. जेराल्ड फोर्ड हे गृहस्थ ना अध्यक्षपदाच्या निवडणुकीत निवडून आले होते, ना उपाध्यक्षपदाच्या. तरी ते अध्यक्ष झाले आणि त्यांच्या अधिकाराविषयी एका कारकुनानेही शंका काढली नाही. कारण नियम आधी लिहिलेला होता, तोही कोणाचे नाव डोळ्यांपुढे न ठेवता.

जेथे नियम लिहिला गेला नव्हता, तेथे भोकही तसेच राहिले. ११ सप्टेंबर २००१ रोजी अध्यक्ष बुश (पूर्वोक्त बुश यांचे पुत्र) फ्लॉरिडातील एका शाळेत होते. त्यांना विमानाने आधी लुइझियानाला, मग नेब्रास्काला नेण्यात आले. रात्री राजधानीतून राष्ट्राशी बोलण्यासाठी त्यांनी परतण्याचा आग्रह धरला, तो योग्यच होता. कारण अध्यक्ष जिवंत असणे पुरेसे नसते, तो दिसावाही लागतो. पेनसिल्व्हेनियाच्या शेतात कोसळलेले विमान काँग्रेसच्या इमारतीवर आदळले असते तर काय झाले असते, हा विचार त्यानंतर सुरू झाला. सेनेटच्या रिकाम्या जागा राज्यपालांकरवी तात्पुरत्या भरता येतात. प्रतिनिधिगृहाच्या जागा केवळ निवडणुकीनेच भरता येतात. शंभराहून अधिक जागा रिकाम्या झाल्यास एकोणपन्नास दिवसांत निवडणुका घ्याव्यात, असा कायदा २००५ साली झाला. परंतु ते एकोणपन्नास दिवस युद्धाला संमती कोणी द्यावयाची, पैसा कोणी मंजूर करावयाचा, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

याउलट पोलंडचे उदाहरण पाहावे. १० एप्रिल २०१० रोजी रशियातील स्मोलेन्स्कजवळ एक विमान कोसळले आणि त्यातील सर्व शहाण्णव माणसे मृत्यू पावली. त्यांत राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की होते, सरसेनापती होते, भूदल, नौदल व वायुदल या तिन्हींचे प्रमुख होते, मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष होते आणि संसदेचे अनेक सदस्य होते. दोनच वर्षांपूर्वी वायुदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे एक विमान असेच पडले होते, तरी सर्वांना एकत्र बसविण्याची चूक पुन्हा झाली. एवढा आघात कोणत्याही राष्ट्राला लुळे करावयास पुरेसा होता. पण पोलिश राज्यघटनेतील एका कलमाने कनिष्ठ सभागृहाच्या सभापतींना त्याच दिवशी अध्यक्षांचे अधिकार दिले. ते सभापती, ब्रोनिस्वाव कोमोरोव्स्की, दिवंगत अध्यक्षांच्या विरोधी पक्षाचे होते, इतकेच नव्हे तर आगामी निवडणुकीतील त्यांचे प्रतिस्पर्धी होते. तरीही अधिकारग्रहण निर्विघ्न पार पडले. सेनादलांत उपप्रमुखांनी सूत्रे घेतली. जून-जुलैमध्ये निवडणूक झाली. अपघाताच्या कारणांवरून पोलंडमध्ये पुढे वर्षानुवर्षे कडवट वाद झाले. त्या दिवशी राज्य कोणाचे, यावर मात्र वाद झाला नाही. एका भुयाराचीही गरज न पडता राज्य अखंड राहिले.

आपला अनुभव

आता आपल्याकडे वळू. भारतीय राज्यघटनेने राष्ट्रपतिपदाची काळजी घेतली आहे. राष्ट्रपती नसतील तर उपराष्ट्रपती, आणि ज्या प्रसंगांची तरतूद घटनेत नाही त्यांसाठी संसदेने कायदा करावा, असे सत्तराव्या कलमात म्हटले आहे. मे १९६९ मध्ये डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले तेव्हा हा कायदा तातडीने करण्यात आला, आणि दोन महिन्यांतच त्याचा उपयोग झाला. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणुकीस उभे राहण्यासाठी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी सुमारे पाच आठवडे राष्ट्रपतिपद सांभाळले. त्याच काळात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले. त्यांचे स्वागत हिदायतुल्ला यांनीच केले. देशाचा व्यवहार यत्किंचितही अडला नाही.

पण खरी सत्ता ज्या पदापाशी आहे, त्या पंतप्रधानपदाविषयी घटना मौन बाळगते. राष्ट्रपती पंतप्रधानांची नेमणूक करतील, एवढेच ती सांगते. पंतप्रधान अकस्मात गेले तर त्या घटकेपासून कोण, याविषयी तीत शब्द नाही. उपपंतप्रधान हे पदही घटनेला ठाऊक नाही. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू गेले आणि ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्री गेले; दोन्ही वेळा ज्येष्ठ मंत्री गुलझारीलाल नंदा यांना शपथ देण्यात आली आणि पक्षाने सुमारे दोन आठवड्यांत नेता निवडला. महाराष्ट्रातही नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर पी. के. सावंत यांनी काही दिवस सूत्रे सांभाळली, आणि मग वसंतराव नाईक आले. यावरून ज्येष्ठ मंत्र्याने तात्पुरता भार घ्यावा, अशी प्रथा रूढ झाली असे वाटू लागले होते.

ती प्रथा ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पाळली गेली नाही. त्या सकाळी श्रीमती इंदिरा गांधींची त्यांच्याच अंगरक्षकांनी हत्या केली तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग येमेनमध्ये होते आणि राजीव गांधी पश्चिम बंगालमध्ये. दोघे परत आले, काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नाव सुचविले, आणि त्याच संध्याकाळी राजीव गांधींचा शपथविधी झाला. तो घटनाबाह्य होता असे म्हणता येणार नाही. नेमणूक करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना होताच. पण प्रथा ही किती मऊ माती आहे, हे त्या दिवशी दिसले. दोनदा पाळलेली गोष्ट तिसऱ्यांदा मोडली, आणि मोडली असे म्हणावयास आधार नव्हता, कारण ती कोठे लिहिलेलीच नव्हती.

त्याहून गंभीर गोष्ट नंतर घडली. खुर्ची एका दिवसात भरली गेली. परंतु पुढील तीन दिवस दिल्लीच्या रस्त्यांवर राज्य कोठे दिसत नव्हते. सरकारी आकड्यांप्रमाणेच एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. पोलीस ठाणी जागेवर होती, अधिकारी जागेवर होते, मंत्री होते, नवे पंतप्रधान होते. वरपासून खालपर्यंत साखळीचा प्रत्येक दुवा हजर होता, आणि तरी ज्या नागरिकाच्या दाराशी जमाव आला त्याच्यापर्यंत ती साखळी पोहोचली नाही. ऑगस्ट २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी संसदेत या घटनांबद्दल क्षमा मागितली. तोवर एकवीस वर्षे लोटली होती. नेतृत्वाचे सातत्य आणि राज्याचे सातत्य या दोन गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणून दुसरी आपोआप साधते, असे मानणाऱ्याने १९८४ चा नोव्हेंबर आठवावा.

दुसऱ्या क्रमांकाची भीती

यावर एक आक्षेप घेतला जाईल. प्रथांनी आजवर काम भागले आहे, मग नियमाचा अट्टहास कशाला? संसदीय पद्धतीत पंतप्रधान हा सभागृहाच्या विश्वासावर उभा असतो. त्याचा वारस आधी ठरविणे म्हणजे सभागृहाचा हक्क हिरावणे नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. ज्या ब्रिटनकडून आपण ही पद्धत घेतली, तेथेही हीच भूमिका आहे. एप्रिल २०२० मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना करोनामुळे अतिदक्षता विभागात हलवावे लागले. परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब यांनी आवश्यक तेथे त्यांच्या वतीने काम पाहावे, असे ठरले. पण ‘आवश्यक तेथे’ म्हणजे कोठवर, हे सांगणारा लिखित नियम नव्हता. याच ब्रिटनमध्ये राजधानी नष्ट झाल्यास अण्वस्त्रांचे काय करावयाचे, याची पत्रे प्रत्येक पंतप्रधान स्वहस्ताक्षरात चार पाणबुड्यांच्या कप्तानांसाठी लिहून ठेवतो. जगबुडीची तरतूद आहे, पंतप्रधानांच्या आजारपणाची नाही.

आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. कायमचा वारस ठरविणे वेगळे आणि काही दिवसांचा कार्यवाहक ठरविणे वेगळे. नेता निवडण्याचा हक्क सभागृहाकडेच राहावा. पण तो हक्क बजावण्यास सभागृह जमेपर्यंत राष्ट्राने कोणाची सही मानावी, एवढेच ठरवावयाचे आहे. खरी अडचण तात्त्विक नसून मानवी आहे. कोणत्याही सत्ताधीशाला दुसरा क्रमांक जाहीर करणे रुचत नाही. ज्याला क्रमांक दोन म्हणावे त्याच्याभोवती माणसे जमू लागतात, अशी भीती असते. म्हणून जानेवारी २००९ मध्ये मनमोहन सिंग यांच्यावर हृदयशस्त्रक्रिया झाली तेव्हा मंत्रिमंडळाच्या बैठका प्रणव मुखर्जी यांनी चालविल्या, प्रजासत्ताकदिनी अमर जवान ज्योतीवर पुष्पचक्र ए. के. अँटनी यांनी वाहिले, आणि कार्यवाहक पंतप्रधान असे कोणालाच म्हटले गेले नाही.

ही वृत्ती एका पक्षाची वा एका पदाची नाही. सतराव्या लोकसभेच्या संपूर्ण मुदतीत, २०१९ पासून २०२४ पर्यंत, उपाध्यक्षाची निवडच झाली नाही. वस्तुतः ती शक्य तितक्या लवकर व्हावी असे घटना म्हणते. डिसेंबर २०२१ मध्ये संरक्षण दलांचे प्रमुख जनरल बिपिन रावत हेलिकॉप्टरच्या अपघातात मृत्युमुखी पडले. त्यांची जागा भरावयास नऊ महिन्यांहून अधिक काळ गेला. जुलै २०२५ मध्ये उपराष्ट्रपतींनी राजीनामा दिला आणि सप्टेंबरपर्यंत ते पद रिकामे होते. या काळात कोणतेही संकट आले नाही, म्हणून कोणाला त्याची खंत वाटली नाही. पण राखीव चाक पंक्चर आहे की नाही, हे पहिले चाक फुटेपर्यंत न पाहणाऱ्याला शहाणा प्रवासी म्हणत नाहीत.

१३ डिसेंबर २००१ रोजी दहशतवादी संसदेच्या आवारात शिरले तेव्हा अनेक मंत्री व सदस्य इमारतीत होते. जवान प्राणपणाने लढले, म्हणून ते आत पोहोचू शकले नाहीत. प्रजासत्ताकदिनी राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, मंत्री आणि सेनाप्रमुख एकाच ठिकाणी उपस्थित असतात. अण्वस्त्रांच्या बाबतीत सरकारने हा विचार केलेला आहे. प्रत्युत्तराच्या आदेशासाठी पर्यायी साखळ्यांची व्यवस्था मंजूर केल्याचे जानेवारी २००३ मध्ये जाहीर करण्यात आले. शत्रूला उत्तर देण्याची साखळी ठरली. नागरिकांना उत्तरदायी असलेल्या सत्तेची साखळीही तितक्याच स्पष्टपणे ठरली पाहिजे.

काय करावे? प्रथम, पंतप्रधानपद अकस्मात रिकामे झाल्यास कोणत्या क्रमाने कोणी तात्पुरता भार घ्यावा, याचा कायदा संसदेने करावा आणि त्याची मुदत काही आठवड्यांपुरती बांधावी. दुसरे, लोकसभेच्या असंख्य जागा एकाच वेळी रिकाम्या झाल्या तर काय, याचा विचार व्हावा. पोटनिवडणुकीची सहा महिन्यांची सामान्य मुदत अशा वेळी अपुरी ठरेल. तिसरे, घटनेने सांगितलेली दुय्यम पदे रिकामी ठेवण्याची सवय सोडावी. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, हा क्रम गुप्त नसावा. अण्वस्त्रांच्या कळा गुप्त असाव्यात. राज्य कोणाचे हे गुप्त असून चालत नाही. ज्या आज्ञेचा अधिकार कोणाला ठाऊकच नाही, ती आज्ञा पाळण्यास कोण बांधला जाईल?

या लेखाचे वाचक बहुतांशी शाळांतून आणि कचेऱ्यांतून काम करणारे आहेत. त्यांना हा विषय मुळीच नवा वाटू नये. मुख्याध्यापक आठ दिवसांच्या रजेवर निघाले तरी कोणाकडे कार्यभार दिला हे लेखी कळवून जातात. तहसीलदार बदलला की जुना आणि नवा समोरासमोर बसून किल्ल्या, शिक्के, नोंदवह्या मोजतात, आणि दोघांच्या सह्या होतात. कोषागारातील कारकून प्रभारी अधिकाऱ्याची नमुना-सही जुळल्याखेरीज पैसा सोडत नाही. हे सोपस्कार आपण कंटाळून करतो, त्यांची थट्टाही करतो. पण मध्यरात्री काही भयंकर घडले आणि सकाळी शाळा भरली, पोस्ट उघडले, रेशनचे धान्य वाटले गेले, पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेतली गेली, तर राज्य जिवंत आहे असे लोक समजतील. ते या कंटाळवाण्या सोपस्कारांमुळेच शक्य होईल. तालुक्याच्या कचेरीत जो नियम शंभर वर्षे पाळला जातो, तो देशाच्या सर्वोच्च कचेरीला लागू करावा, एवढीच मागणी आहे. ती शांततेच्या काळात मान्य करणे कंटाळवाणे वाटेल. अशांततेच्या काळात मान्य करावयास कदाचित कोणी उरलेला नसेल.